नाकमुरड्याचं "छान"

मलमाच्या कारखान्यात फुलं वाळवणाऱ्या म्हाताऱ्याला माघारी सगळे नाकमुरड्या म्हणत, आणि ते काही उगाच नाही. ज्या पिवळ्या डोंगरी फुलावर जन्मभर त्याचं पोट चाललं, त्यालाही त्याने कधी बरं म्हटलं नाही. "हे कसलं फूल! सूर्यफुलाचं उपाशी भावंड. पाकळ्या बघा, शेळीने चघळून थुंकल्यासारख्या." मालकाला तो बिनडोक समजे. पोटच्या मुलीबद्दल तर बोलायलाच नको.

ती नवऱ्याला सोडून माहेरी आली होती. बापाच्या टोमण्यांवर पोट भरायचं नव्हतं, म्हणून तिने मालकाकडे काम मागितलं.

"एक खेप वाळवून दाखव," मालक म्हणाला. "जमलं तर काकांनंतर ही वाळवणाची खोली तुझी. काका, शिकवा हिला."

"मी काय शाळा काढलीय? डोळे आहेत ना तिला?"

शिकवायचं होतं तरी किती? हे फूल अर्धवट उमललेलंच खुडायचं. पूर्ण उमललेलं खुडलं तर ते वाळवणाच्या जाळीवर पडूनही पिकत राहतं आणि वाळेपर्यंत त्याची नुसती कापसासारखी म्हातारी होऊन उडते. नाकमुरड्याला हे त्याच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी, पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं.

मुलगी डोंगरावरून घामाघूम होऊन आली. टोपलीत एकजात पूर्ण उमललेली फुलं. "बाबा, बघा ना, कशी टपोरी निघाली!"

"छान," नाकमुरड्या म्हणाला. कौतुकाचा शब्द जन्मात एकदा तोंडातून काढला, तोही गळा कापायला. पोरगी इतकी हरखली की गुणगुणतच तिने फुलं जाळ्यांवर पसरली.

चार दिवसांनी मालक बघायला आला, त्याने दार उघडलं आणि वाऱ्यासरशी खोलीभर पांढऱ्या म्हाताऱ्या उडाल्या. मालक शिंकून बेजार झाला. "काका, सांगितलं नव्हतं हिला?"

"शंभरदा सांगितलं. ऐकेल तर शपथ!"

मुलीच्या केसांत, भुवयांवर म्हाताऱ्या चिकटल्या होत्या. ती रडली नाही, भांडलीही नाही. तिने बापाला आपादमस्तक न्याहाळलं आणि थेट त्याच्यासारखंच नाक मुरडलं.

"छान," ती म्हणाली आणि चपला घालून चालती झाली.

नाकमुरड्या धडपडत दारापाशी गेला.

"अगं, अर्धवट उमललेली घ्यायची असतात! मी तुला सांगायला हवं होतं गं!"

ती फाटकाबाहेर पोचली होती. मालक मात्र त्याच्या मागेच उभा होता.