पाच बायकांचे एकच उत्तर

ती चौकशी आठवली की आजही हातातला घास तसाच राहतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होते, दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू होती, आणि अमरावतीच्या ठाण्यात बायकांच्या कोठडीवर मी पहाऱ्याची जमादारीण होते. शाळा चौथीपर्यंत, बाकीचे ठाण्याने शिकवले.

अकोल्याच्या कोठडीवर एक बाई नेमायची होती. ठाण्याच्या साहेबांनी स्वभाव तपासायचा छापील कागद आणला. कधी खोटे बोललात का? राग येतो का? उलटून बोलता का? कारकुनाने वाचायचे, बाईने हो-नाहीवर खूण करायची. अर्ज केलेल्या पाचही जणींचे सगळीकडे 'नाही'! दुसऱ्याच दिवशी निनावी चिठ्ठी आली, की शहरातल्या राजापेठेत कोणीतरी ही उत्तरे पढवतो.

साहेब म्हणाले, "कधीच खोटं बोललो नाही म्हणणारा पहिला लबाड. शोधा."

मी पाचही जणींना वेगवेगळे बसवले. त्यात वलगावची एक विधवा होती, दिराच्या घरी राबणारी. नोकरी लागली तर त्या घरातून सुटणार होती.

"कोनं शिकवलं तुले?"

"मायनं."

"मायले कागद कुठं भेटला वं?"

"कागद नाही हो बाई. मले पाहाले पावने आले, तवा हेच इचारलं त्याइनं. माय म्हने, साऱ्याले नाही म्हन अन् मान खाली घाल. तुमाले कोनी पाहाले आलंच नाही का? का तसंच उचलून नेलं?"

मला हसू फुटले. पुढे बाकीच्यांनीही आई, मावशी, आत्या, आजी अशीच नावे घेतली. राजापेठेत कोणी नव्हतेच. पढवणी घरोघर झाली होती.

पण त्या वेळी हसता हसताच मी वलगावच्या बाईला विचारले, "अन् खरं काय? राग येते का?"

तिने मान वर केली. मग म्हणाली, "दिरानं ताट लाथाडलं, तवा इळा उचलला होता मी. मंग ठेवून देल्ला."

मी जबाब जसाच्या तसा लिहिला. वाटले, खरे बोलली म्हणून साहेब तिला घेतील. साहेबांनी वाचले आणि म्हणाले, "कागदावर खोटं, आणि घरात विळा. हिच्या हातात किल्ल्या द्यायच्या?" शेरा पडला, नामंजूर.

"नाहीच म्हनाले पाहिजे होतं," एवढेच बोलून ती वलगावच्या वाटेला लागली. त्याच घरी.

माझ्या नेमणुकीच्या वेळी तोंडी असेच विचारले होते. मी सगळ्याला नाही म्हटले होते, मान खाली घालून. माझे कोणी तपासले नाही.

पुढे जबाब घेताना मी आधी विचारायची, बाई, हे लिहिले तर तुझे काय होईल? वलगावच्या त्या बाईला तेवढे विचारायचे राहून गेले.