डावी बाजू राहून गेली

चार गोळ्या घेऊनही बाबांचा रक्तदाब उतरत नव्हता. बाबा रेल्वेतून निवृत्त झाल्यावर आई-बाबा इकडे हिंदी मुलखात, शहरातल्या मानसरोवर वस्तीत माझ्याकडे राहायला आले. एका दुपारी बसमध्ये बाबांच्या नाकातून रक्ताची धार लागली, आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शाळेत शिकवता शिकवता मी घरी फोन करायची, "आता किती आहे?"

डॉक्टर अकोल्याचे, आमच्याच बाजूचे. त्यांनी सांगितलं, "जांघेतून बारीक तार मूत्रपिंडाच्या धमनीपर्यंत नेऊ. तिथले काही मज्जातंतू दाब चढवतात. हलका करंट द्यायचा. दाब चढला की तंतू सापडला. तो जाळायचा आणि पुन्हा करंट देऊन बघायचं. दाब चढला नाही, की काम झालं."

ओळखीमुळे मला काचेपलीकडे बसू दिलं. बाबा गुंगीत होते. उजव्या बाजूला करंट दिला आणि पडद्यावरचा आकडा चढू लागला. ज्या आकड्याची इतकी धास्ती घेतली, तो हे लोक मुद्दाम चढवत होते. मी खुर्चीतून उठले, बसले, परत उठले. जाळून झाल्यावर पुन्हा करंट दिला. आकडा हलला नाही. तेव्हा कुठे मी खुर्चीत टेकले.

डावीकडे मात्र तार कुठेही नेली तरी दाब चढेना. एका जागी तर उलट खाली आला.

सहायकानं विचारलं, "सर, अंदाज़े से कर दें?"

"नहीं," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळून माइकवर मराठीत, "दाब उतरवणारा तंतूच जळला, तर नुकसान होईल. इथे थांबतो."

बाहेर आई बाकावर होती. "झालं का?"

"उजव्या बाजूचं झालं."

"मतलब, अर्धंच?"

मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिला ते पटलं नाही. खरं तर मलाही अजून पटवून घ्यावं लागत होतं.

दोन-तीन महिन्यांत दाब बराच उतरला, एक गोळी बंद झाली. मी डाव्या बाजूचा विषय काढला, तर बाबा म्हणाले, "उतरला तेवढा पुरे झाला. आता मला फिरायला जाऊ दे."

ते चप्पल घालून निघाले. मी गॅस बंद केला आणि ते परत येईपर्यंत गॅलरीत उभी राहिले.