तात्यांच्या फ्लेक्सवरचा पत्ता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड माहीत नाही.

बारामतीत आमचं ऑफिस म्हणजे एक खोली. साहेब, मी आणि सणसरहून एसटीनं येणारी ताहेरा. अंथुर्ण्याच्या तात्यांची उसाची रोपवाटिका आहे, तिच्यासाठी आम्ही वेबसाइट करत होतो. शेतकऱ्यानं मोबाइलवरून रोपं नोंदवायची, इतकंच. काम अर्धंच झालं होतं. तात्यांना नुसतं दाखवायचं म्हणून मी टनेल लावला — म्हणजे साइट चालते माझ्याच लॅपटॉपवर, पण एका तात्पुरत्या पत्त्यावरून बाहेरच्यांनाही दिसते. लॅपटॉप बंद झाला की तो पत्ता गेला. पुन्हा लावला की पत्ता नवा.

मी अंथुर्ण्याला निघालो तेव्हा ताहेरा म्हणाली, "दादा, तात्यांस्नी तेवढं सांगा, ह्यो पत्ता कायमचा न्हाय."

आणि तिथं गेल्यावर? तात्यांनी शेजारची चार माणसं बोलावून ठेवली होती. मोबाइलवर स्वतःची रोपं बघून ते म्हणाले, "पोरानं करून दाखवलं बघा." त्या कौतुकात — कसं सांगू — हे अजून कच्चं आहे, असं म्हणायला माझी जीभच उचलेना. परत आल्यावर ताहेरानं विचारलं. सांगितलं, म्हणालो.

तात्यांनी तो पत्ता फ्लेक्सवर छापला. एक गावच्या चौकात, एक इंदापूरच्या बाजारात. तरी मी गप्प. लॅपटॉप चालू ठेवला की झालं, अशी मनाची समजूत घातली. मग एका सकाळी लॅपटॉप आपोआप बंद होऊन परत चालू झाला, आणि पत्ता बदलला. मला कळलं होतं. आज सांगू, उद्या सांगू — यात दिवस गेले. नोंदणी येईना. रोपं काही थांबत नाहीत. ट्रेमध्येच त्यांचं वय झालं आणि तात्यांनी ती बांधावर फेकली.

ते ऑफिसात आले. ओरडले नाहीत. "पत्ता बदलनार हाय, येवढं तरी कुनी सांगायचं," एवढंच म्हणाले. साहेबांनी आमच्याकडं बघितलं. आणि मी म्हणालो — ते काम ताहेराकडं होतं.

"दादा, तुमीच तर सांगितलं म्हनला हुता," ती म्हणाली. मी स्क्रीनकडं बघत राहिलो. एक शब्द पुरला असता ना? साहेबांनी मी जुना म्हणून माझं खरं मानलं. तिला काढलं. तिनं खूप मिनतवारी केल्यावर घरच्यांनी तिला ही एक नोकरी करू दिली होती. दुसरी करू दिली नाही.

परवा बारामतीच्या स्टँडवर ती दिसली. मी तोंड फिरवणार होतो, पण तिनंच विचारलं, "बरं हाय का, दादा?"

तिला सगळं माहीत आहे. तरी दादा म्हणाली. मी बरं आहे म्हणालो, आणि सणसरची एसटी लागेपर्यंत मोबाइलमध्ये बघत उभा राहिलो.