वरच्या खोल्या खाली केल्या त्याची गोष्ट

घर पहिल्यांदाच भाड्याने देणाऱ्यांना माझा एकच सल्ला आहे. भाडेकरूशी खोटं बोलायचंच झालं तर गळक्या छताबद्दल बोलावं, पण स्वतःच्या मुलाबद्दल बोलू नये.

बाकीचे सल्ले (करार लेखी करा, पोलीस ठाण्यात माहिती द्या, विजेचं मीटर वेगळं घ्या) तुम्हाला कोणीही देईल. मीही ते सगळं केलं होतं. विसरवाडीत हायवेला लागून माझं टायरचं दुकान आहे. मागे आमचं घर आणि घरावर दोन खोल्या. पंक्चर काढता काढता मी हे उभं केलं. एकेका विटेसाठी घासाघीस केली आहे. विटावाला मला लांबून बघितलं की ट्रॅक्टर वळवायचा!

त्या खोल्यांत वळवी सर आणि त्यांची बायको राहायला आले. सर शाळेत शिक्षक, माणूस सज्जन. पण पहिल्याच दिवशी त्यांनी माझा घात केला. मी भाडं सांगितलं, आणि सर म्हणाले, "ठीक आहे."

ठीक आहे? मी भाडं चढवून सांगितलं होतं, ते उतरवण्यासाठी! सरांनी 'जास्त होतंय' म्हणायचं, मी 'हायवेवरची जागा आहे' म्हणायचं, त्यांनी उठून जायचं नाटक करायचं, मी हाक मारायची, अशी रीत असते. ठीक आहे म्हणजे काय? म्हणजे मी कमी सांगितलं! मला जेवण गेलं नाही.

"कमी नै सांगं तुमी," माझी बायको सिंधू म्हणाली. "तो मानूसच सरळ शे."

"सरळ मानूस इतल्या लवकर हो म्हनस का?"

हे दुखणं मी तीन वर्षं बाळगलं. सरांनी एकदा तरी भांडावं म्हणून पाण्याची मोटर उशिरा लावून पाहिली. सर म्हणाले, "असू द्या, तुम्हाला दुकान असतं." भांडण करायला समोरच्याने थोडी तरी मदत करायला नको का? शेवटी एका चहावाल्याने तेल ओतलं. "अप्पा, या खोल्यांचे आज दुप्पट येतील." झालं! सरांना काढायचं ठरलं.

पण काढायचं कसं? भाडं वेळेवर, आवाज नाही, गावात मान. 'जा' म्हणायला तोंड उघडेना. मग नवापूरच्या एका अनुभवी घरमालकाने युक्ती दिली, "पोराचं लग्न ठरलंय म्हणायचं. भाडेकरू पेढा खाऊन जातो."

दुसऱ्या दिवशी सर दुकानावरून शाळेत निघाले होते. मी म्हणालो, "सर, आपल्या नितीनचं लग्न ठरलं. वरच्या खोल्या लागतील."

सरांचा चेहरा उजळला. "अरे वा! मुलगी कुठली?"

हा प्रश्न युक्तीत नव्हता! मी इकडेतिकडे पाहिलं. समोर एसटी उभी होती. पाटीवर 'खापर'.

"खापरची," मी म्हणालो.

सर क्षणभर थांबले. मग म्हणाले, "छान. महिनाअखेर खोल्या खाली करतो." तेच ते! पुन्हा ठीक आहे!

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज सुखी असतो. पण तो चहावाला तिथेच ग्लास गोळा करत होता. दुपारपर्यंत सगळ्या विसरवाडीला बातमी पोचली, आणि सर्वांत शेवटी आमच्या स्वयंपाकघरात.

"काय हो! मन्हा पोऱ्यानं लगीन ठरनं, आनि माले वरनी बाई सांगस?" सिंधूच्या हातात लाटणं होतं.

"हळू बोल! लगीन नै शे. खोल्या खाली कराना शेतस."

"आनि पोरगी?"

"पोरगी बी नै शे."

"मंग खापरनी कोन शे?"

"खापरनी बस शे!"

सिंधू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. (खोटं कशाला बोलू, ते दोन दिवस बरे गेले.)

तिसऱ्या दिवशी मंडपवाले शब्बीरभाई आले. आमची जुनी ओळख. त्यांच्या टेम्पोचे टायर माझ्याकडचेच.

"अप्पा, अपने नितीन की शादी, आणि मंडप दुसऱ्याचा?"

त्यांना तिथेच खरं सांगायला हवं होतं. पण त्यांनी भाव सांगितला. आणि समोरच्याने भाव सांगितला की माझ्या तोंडातून आपोआप निम्मा निघतो. मी तसा श्वासच घेतो! शब्बीरभाई उठले. मी बसून राहिलो. ते परत फिरले. तीन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याशी मनापासून घासाघीस करत होतं! शेवटी ते म्हणाले, "एका पार्टीचं बुकिंग रद्द झालंय. ती तारीख घ्या, तुम्ही म्हणाल तो भाव. पण इसार आत्ता, आणि परत मिळणार नाही."

मी इसार दिला.

अहो, एवढ्या स्वस्तात मंडप! लग्न नसलं म्हणून काय सोडायचा?

"तुमनं डोकं ठिकानवर शे ना?" सिंधू एवढंच म्हणाली. तोवर वरच्या मजल्यावर सामान बांधायला सुरुवात झाली होती.

संध्याकाळी सुरतहून नितीनचा फोन आला. तो तिथे एका कंपनीत आहे. शब्बीरभाईंनी त्याला परस्पर विचारलं होतं, स्टेजला रंग कोणता पाहिजे.

"अप्पा," त्याचा आवाज कापत होता, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय?"

"भाविकाचं. मी दिवाळीला स्वतः सांगणार होतो. तुम्ही रागावाल म्हणून भीत होतो. आणि तुम्ही मंडपच ठरवला! अप्पा, मी तुम्हाला ओळखलंच नाही हो!" आणि तो रडायला लागला.

आता सांगा, सव्वीस वर्षांचा मुलगा बापाच्या मोठ्या मनाने रडतो आहे, शेजारी त्याची आई कान लावून बसली आहे, आणि इसार परत मिळणार नाही. मी काय बोलणार?

"बाप आहे तुझा," मी म्हणालो. "मला सगळं कळतं."

मुलगी बारडोलीची निघाली. आई-वडील चांगले. तारीख आमच्याकडे तयारच होती!

महिनाअखेर सर किल्ली द्यायला आले. सरांच्या बायकोने लग्नासाठी पापड करून ठेवले होते. सर हळूच म्हणाले, "अप्पा, खापर हे हिचं माहेर. तिथलं लग्न आम्हाला आधी कळतं."

किल्लीसाठी पुढे केलेला हात मी मागे घेतला. "म्हणजे तेव्हाच ओळखलं? मग निघालात कशाला?"

"तुम्हाला तोंडावर 'जा' म्हणवेना. तेवढी माया होती म्हणायची. मग आम्ही तरी कशाला ताणायचं?"

अशा माणसाला घालवून मी कोणाला आणणार होतो? "सर, किल्ली ठेवा. कुठे जाऊ नका."

"आता कसं थांबणार?" सर हसले. "आता तर खरंच लग्न आहे ना!"

लग्न झोकात झालं. सरांनी सगळ्या पंगती उठेपर्यंत वाढलं. मला वाटलं, नितीन-भाविका सुरतेला जातील, खोल्या पुन्हा सरांना देऊ. हात जोडून देऊ. पण पूजेच्या दिवशी सूनबाई पाया पडली आणि पाहुण्यांसमोर म्हणाली, "पप्पाजी, लग्नाआधीच भाडेकरू काढून आमच्यासाठी खोल्या रिकाम्या केल्या. एवढं कोण करतं? आम्ही इथेच राहणार. माझं काम लॅपटॉपवर चालतं, आणि नितीन तुमच्या दुकानात बसेल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सर आता दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांचा नवा घरमालक भेटला की म्हणतो, "असा भाडेकरू नशिबाने मिळतो." त्याला मी टायरच्या भावात एक रुपया सोडत नाही.

परवा भाविका चहा घेऊन खाली आली.

"पप्पाजी, मम्मी-पप्पा येणार बारडोलीहून, थोडे दिवस राहायला. त्यांना जिना चढवत नाही. तुमची खालची खोली खाली करून द्याल ना?"

मी सिंधूकडे पाहिलं. सिंधूने माझी गादी आधीच गुंडाळली होती. ती स्वतः स्वयंपाकघरात झोपणार, आणि तिथे एकाचीच जागा आहे.

तेव्हा नव्या घरमालकांनो, आणखी काही सल्ला हवा असेल तर अवश्य या. मी दुकानातच सापडेन, ट्रकच्या टायरांमागे. पण येताना दार वाजवा, मी तिथे राहतो.