लेथ थांबल्यावर

सापगावच्या आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी कामगार युनियनची पत्रकं आली. बाबा ती वाटायचे, मी मोठ्याने वाचून दाखवायचे. म्हणून मुरबाडच्या कारखान्यात डिप्लोमा घेऊन कामाला लागले, तेव्हा मालकांच्या प्रत्येक नव्या सूचनेत मला आधी कपातच दिसायची.

कारखाना लहान. एकाच प्रकारचा माल आम्ही काढत नाही. आज चार शाफ्ट, उद्या दोन गिअर, परवा कुणाच्या मोडक्या पंपाचा एकच भाग. प्रत्येक कामाचा एका मशीनवरून दुसऱ्यावर जायचा रस्ता वेगळा आणि प्रत्येक कार्डावर लाल खडूने ‘अर्जंट’. ती कार्डं लिहायचं काम माझं. अर्धवट मालाच्या ढिगांत हरवलेलं काम शोधण्यातच माझा दिवस जायचा.

मग अर्धवट माल साचू न देणारी ‘लीन’ पद्धत बसवायला मालकांनी एका मॅडमना बोलावलं. त्यांनी प्रत्येक मशीनसमोर पिवळ्या रंगाने चौकोन आखला. चौकोनात तीनच ट्रे. मिलिंगसमोरचे तीन भरले, की त्याआधी माल कातून देणाऱ्या लेथने थांबायचं.

लेथवर काका होते. सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातले, ठेक्यावरचे, तरी कारखान्यात सगळ्यांत जुने. मिलिंगला वेळ लागतो, त्यामुळे थांबायची पाळी त्यांच्यावरच यायची.

“काका, बसा जरा,” मी म्हटलं.

“बसलेला माणूस मालकाला लय लांबून दिसतो गो.”

त्या शनिवारी मी पत्रक लिहिलं: आज यंत्र रिकामं, उद्या माणूस! पन्नास प्रती काढल्या. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत वाटणार होते.

सोमवारी सकाळीच चार शाफ्टचं काम अडलं. त्यासाठी आणलेली सळई जागेवर नव्हती. शोधता शोधता मी काकांच्या बाकाखालचं गोणपाट उचललं. खाली एकावर एक सहा ट्रे. थांबायच्या वेळात काका पुढच्या महिन्याच्या पिना काढून लपवत होते आणि शाफ्टची सळई त्यातच गेली होती.

मी गोणपाट परत टाकणार, तेवढ्यात मागून मॅडम आणि मालक आले. काकाच पुढे झाले.

“मीच केलंय. लेथ बंद दिसला, तर म्हाताऱ्याला ठेवतील कशाला?”

माझा हात पिशवीतल्या पत्रकांवर गेला होता.

“लेथ थांबला तरी तुमचं काम जाणार नाही, असं यांना कुणी सांगितलं होतं?” मॅडमनी विचारलं.

कुणीच सांगितलं नव्हतं.

“मग चूक माझी. थांबा म्हटलं, का ते सांगितलं नाही. पुढे जागा नसताना काम काढलं, तर ते नुसतं पडून राहतं.”

काका ट्रेकडे बघत राहिले. “म्हंजे आवणीसारखं. भात लावताना, बाई. रोपं काढणारे लय पुढं गेले, तर मुठी बांधावर सुकतात. मग आमी काढणं थांबवतो नि लावायला उतरतो. काढणाऱ्याला घरी नाय धाडत.”

“तेच. लेथ थांबला, की तुम्ही मिलिंगवर जायचं. तिथे पुढचं काम मशीनच्या टेबलावर घट्ट बांधून द्यायला माणूस कमी पडतोय.”

“तुम्हाला काढतंय कोण, काका?” मालक म्हणाले.

“तोंडी नको,” मी म्हणाले. “लिहून द्या.” आवाज जरा जास्तच वर गेला.

मालकांनी कागद मागितला. माझ्याजवळ पत्रकंच होती. एकाच्या कोऱ्या बाजूवर मी लिहिलं: मशीन थांबल्यामुळे कुणालाही कामावरून कमी केलं जाणार नाही, ठेक्यावरच्यांनाही नाही. शेवटच्या शब्दांपाशी मालक अडखळले. मग सही केली, कागद उलटला आणि दुसरी बाजू वाचली.

“हे वाटणार होतीस?”

“हो. अजून एकोणपन्नास आहेत.”

“अक्षर चांगलं आहे,” म्हणाले आणि गेले.

कागद मी कार्डांच्या फळ्यावर लावला. एकही पत्रक न वाटता इतकं हायसं वाटेल, हे मला घरी शिकवलेलं नव्हतं.

नवी सळई दुसऱ्या दिवशी आली, शाफ्ट एक दिवस उशिरा गेले. त्या दुपारी लेथ बंद होता. काकांनी मिलिंगवरचं पुढचं काम बांधून दिलं, हात पुसले आणि एक पालथा क्रेट ओढून त्यावर बसले. मालकांच्या खिडकीच्या अगदी समोर.