आप्पांची खानेसुमारी

कोंडिबा आप्पांनी आयुष्यात एकदाही आपली मेंढरं मोजली नाहीत. संध्याकाळी कळप परतला, की ते काठी टेकून उभे राहत आणि एकेकीला ओळखून आत घेत, "काळी आली, कानतुटी आली, लंगडी आली." एखादी मागे राहिली तर त्यांना लगेच कळे. किती आहेत, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "हायेत देवाच्या दयेनं. मोजलं की उनं होतंय, गुरुजी."

शिरूर तालुक्यात भीमेच्या काठाला त्यांची वाडी, आणि तिथल्या एकशिक्षकी शाळेवर मी. एकसष्टची खानेसुमारी अर्थातच माझ्या गळ्यात पडली. आप्पांच्या ओसरीवर बसून मी घरातली माणसं विचारली.

"ल्ह्या चार."

मागे नातवंडं एकमेकांच्या अंगावर पडत होती. त्यातली तिघं तर माझ्याच शाळेत. मी नुसतं तिकडे पाहिलं, तर म्हणाले, "म्हाताऱ्यावर भरवसा न्हाई व्हय?" ज्या घरचं ताक रोज पीत होतो, तिथं मी कसला वाद घालणार! चार लिहिले. बाकीच्या वाडीनंही आप्पांचाच कित्ता गिरवला.

पुढे मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं आखायला निघाल्या. मसुद्यात आमची वाडी 'वस्ती किरकोळ' म्हणून थेट नदीपलीकडे, दौंडकडे टाकलेली. म्हणजे मत द्यायला होडीतून जायचं आणि गाऱ्हाणं घेऊन अनोळखी आमदाराच्या दारात उभं राहायचं. वाडी माझ्याकडे बघू लागली, मी आप्पांकडे.

हरकतींच्या सुनावणीला आम्ही दोघं यस्टीनं पुण्याला निघालो. आप्पांचा फेटा नवा, चेहरा मात्र उतरलेला. वाटेत ते हळूच म्हणाले, "एका पाव्हन्यानं माझी पोरं मोजली हुती, कवतिकानं. आठ दिसांत दोन गेली, देवीच्या साथीत." मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या 'चार'ला मनातल्या मनात हसलो होतो, त्याची लाज वाटली.

सुनावणीच्या साहेबांनी आप्पांना विचारलं, "घरात माणसं किती?"

आप्पांनी डोळे मिटले. ओठ बराच वेळ हलत राहिले. "तेरा," ते एकदाचे म्हणाले. "चार मीच सांगितलं. वाडीनं बी माझंच ऐकलं. गुरुजींचा दोस न्हाई."

साहेबांनी चष्म्यावरून आम्हा दोघांकडे पाहिलं. "छापलेला आकडा आता बदलत नाही. पण हद्द नदीवरूनच जाऊ द्या." वाडी शिरूरकडेच राहिली.

वाडीनं गूळ वाटला. आप्पांनी तो तोंडात घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी शाळेत येऊन नातवंडांच्या कपाळाला हात लावून जाऊ लागले. नवव्या दिवशी पोरं दंगा करताना पाहून दारातच मटकन बसले आणि म्हणाले, "गुरुजी, हजेरी घ्या. पन आकडा म्हनू नगा."

पुढे निवृत्त होईपर्यंत मी पटावरचा आकडा मुकाट्यानं लिहीत आलो. तपासणीचे साहेब विचारत, "आज मुलं किती?" मी पट त्यांच्यापुढे सरकवायचो आणि म्हणायचो, "सगळी आहेत, साहेब."