कारंज्याहून इंजिन ओढून आणताना चाकांत हवा किती

अनसिंगच्या बागाईतदार मंडळींनो, पत्राला फार उशीर झाला, माफ करा. कारंज्याहून तेलावरचं इंजिन लॉरीमागं ओढून कसं आणावं, असं तुम्ही विचारलं होतं. उत्तर मला माहीत होतं, पण ते लिहायचं तर माझी एक चूकही लिहावी लागते. म्हणून दोनदा कागद घेतला आणि दोनदा ठेवून दिला. मी तिसरी शिकलेला म्हातारा. अक्षर वाकडं येईल, रस्ता मात्र सरळ सांगतो.

मला जाणं भागच होतं. मालेगावजवळच्या आमच्या मळ्यात वांगी फुलावर आली आणि मोटेचा एक बैल पायानं अधू झाला. शेजाऱ्याचा बैल मागून आणला, पण तो गुरुवारी सकाळी परत द्यायचा होता. त्याच्या घरचं वऱ्हाड निघणार होतं. म्हणजे गुरुवारपासून वांग्यांना पाणी नाही. कारंज्याच्या एका कापसाच्या जिनातलं जुनं इंजिन ठरवून ठेवलं होतं. ते त्याआधी विहिरीवर यायला हवं होतं.

मंगळवारी निघालो. आमची मंडळी दारातूनच म्हणाली, "रस्त्यानं कोनाले अक्कल शिकवत बसू नका. इंजिन घ्या अन् गप या."

सर्व्हिस मोटारीत पुढं बसा. मागं बसलो तर उतरताना सोबतचे लोकसुद्धा धुळीनं ओळखू येत नाहीत. शेलूबाजारला मोटार थांबते. तिथला गुळाचा चहा चांगला, भजी मात्र सकाळचीच घ्या. कारंज्यात मी जैन मंदिराजवळच्या धर्मशाळेत उतरलो. त्या आळीत दिवेलागणीच्या आत चुली विझतात. मी बाजारात सरकीच्या गाड्या बघत राहिलो आणि घरच्या दोन भाकरी व कांद्यावर भागवलं. तुम्ही आधी जेवा, मग हिंडा.

बुधवारी पहाटे उस्मानभाई ठरलेली लॉरी घेऊन आले. माणूस पन्नाशीचा, बोलायला तिखट, पण हाताला अगदी जपून. लॉरीत सरकीची पोती, आणि मागं जोडलेल्या दोनचाकी गाड्यावर आमचं इंजिन. निघण्याआधी त्यांनी प्रत्येक चाकाला मापाची नळी लावून हवा मोजली आणि हातपंप काढला. पुढच्या चाकांत कमी, मागच्यांत बरीच जास्त, गाड्याच्या चाकांतही चांगली ठासून.

मी टायरवर टिचकी मारून पाहिली.

"बाबा, टरबूज होय का थे?" उस्मानभाई म्हणाले.

"लय कडक लागून राह्यलं, भाई. फुटलं म्हंजे?"

"मांगं वजन हाय, त मांगं हवा जास्त पाह्यजे. कमी राह्यली का टायर चेंदते, तापते, मंग फुटते. टायरवर आकडा छापेल हाय, त्याच्यावर जाचं नाही. अन् हवा मोजाची थंड्या चाकात, निघाच्या आंधी. समजलं?"

मी मान हलवली. समजलं नव्हतं. मनात एकच घोर: लढाईमुळे नवा टायर कुठं मिळत नाही, आणि गाड्याच्या चाकाला जादा टायर उस्मानभाईंकडंही नव्हता.

दुपारी शेलूबाजारच्या पुढं एका निंबाखाली थांबलो. उस्मानभाई नमाजाला गेले. मी गाड्याच्या चाकाला हात लावला आणि चटकन मागं घेतला. तव्यासारखं गरम, सकाळपेक्षाही टणक! माझ्या डोळ्यांपुढं पोटफुगीचा बैल उभा राहिला. गुरांचा वैद्य सुई टोचतो, वारा फुसकन निघतो आणि जनावर उठून बसतं. मी चाकाच्या हवा भरायच्या नळीचं टोपण काढलं, आत काडी दाबली. फुसकन वारा निघाला. चाक मऊ झालं, तेव्हा कुठं माझा जीव शांत झाला.

दोनेक मैल गेलो असू. मागचा गाडा ताडी प्यायल्यासारखा झुलू लागला. लॉरी थांबली. तेच चाक चेंदून जमिनीवर पसरलं होतं आणि जळक्या रबराचा वास येत होता. टायरच्या बाजूला करंगळीएवढा फोड.

"पंक्चर," असं म्हणत उस्मानभाईंनी पान्हे काढले. "इंजिन उतरवा लागते. आज काई पोचत नाही आपन."

गप्प राहिलो असतो तर तो भला माणूस नसलेलं भोक संध्याकाळपर्यंत शोधत बसला असता.

"भाई, पंक्चर नोहे. हवा म्याच काढली."

"काहून?"

"फुगलं व्हतं. बैलाचं काढतेत, तसं…"

चिडायचं का हसायचं ते त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. "अबे बाबा, चाललं का चाक गरम होतेच! आतली हवाबी चढते. थे धरूनच सकाळी भरतो ना म्या! तुमी त बिमाराले सोडून चांगल्याचं औषध केलं!"

चाक थंड होईस्तोवर सावलीत बसलो. मग पंप मी घेतला. त्यांनी मागितला तरी दिला नाही. धोतराचा काचा मारून मोजत गेलो, शंभरानंतर मोजणंही सुटलं. उस्मानभाईंनी मापाची नळी लावली, फोडावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आता बैलाच्या चालीनं जाऊ. अल्लाची मर्जी." इंजिनाचं जड चाक सोडवून आम्ही लॉरीत पोत्यांवर ठेवलं, तेवढंच गाड्यावरचं ओझं कमी झालं.

उरलेला रस्ता मी मान मागं वळवून काढला. अजून दुखते.

ऊन उतरता उतरता मळ्यात पोचलो. फोड होता तेवढाच होता. गुरुवारी शेजारी बैल न्यायला आला, तेव्हा इंजिन धक धक करत होतं आणि पाणी पाटानं वांग्यांच्या दुसऱ्या वाफ्यात शिरलं होतं. आमची मंडळी पाण्यात पाय सोडून बसली होती. "रस्त्यानं गप राह्यले ना?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. ती हसली, पण जेवताना तूप जास्त वाढलं.

या प्रवासातून माझ्याजवळ राहिलं ते इतकंच, की घाबरलेल्या माणसानं हात मागं बांधून बसावं आणि जाणत्याला विचारावं. मला ते आजही जमत नाही. तुमचं इंजिन आमच्यापेक्षा जड आहे असं ऐकलं, तेव्हापासून झोप उडाली आहे. निघायचा वार उलट टपालानं कळवा. आणि घरी पोचल्यावर आणखी एक कार्ड टाका. त्यावर बाकी काही नसलं तरी चालेल, फक्त "हवा थंड्या चाकात मोजली" एवढं लिहा. लवकर लिहा, माझ्यासारखा उशीर करू नका.